एकोणतिसाचे बिऱ्हाड : विनोदातून संख्यालेखन शिकवणाऱ्या एका वडिलांचे प्रकरण

मिरज परिसरातील एका लहान किराणा दुकानात, दुसरीत शिकणारी मुलगी आणि दुकान चालवणारे तिचे वडील यांच्यात एका शैक्षणिक वर्षात संख्यालेखनावरून जे घडत गेले, त्याची ही नोंद आहे. प्राथमिक गणित शिकवण्याच्या कामामुळे या कुटुंबाशी माझा संबंध आला, मुलीच्या वह्या पाहता आल्या आणि दुकानातल्या संध्याकाळच्या बैठकांना अधूनमधून हजर राहता आले. ओळख उघड होऊ नये म्हणून येथे कोणाचेही नाव दिलेले नाही. हे प्रकरण मांडण्याचे कारण असे की "गणित हसतखेळत शिकवा" हा सल्ला पालकांना सगळीकडून मिळतो, पण हसण्याचा आणि गणिताचा सांधा नेमका कोठे जुळतो हे त्यांना कोणी दाखवत नाही. या वडिलांनी तो सांधा स्वतः शोधून काढला. त्याआधी त्यांचा एक विनोद पूर्ण वाया गेला होता, आणि त्या वाया गेलेल्या विनोदाकडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहायला हवे.

अडचण नेमकी कोणती होती

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर वर्गशिक्षिकेचा निरोप आला की मुलीला शंभरपर्यंतचे अंक ऐकून लिहिता येत नाहीत. घरच्यांना हे पटेना, कारण तिच्या वहीत एक ते शंभर अंक सुबक अक्षरात, एकही खाडाखोड न करता, पानेच्या पाने लिहिलेले होते. ती लिहीत असताना शेजारी बसून पाहिल्यावर उलगडा झाला. दहा घरांच्या उभ्या रांगेत ती आधी वरून खाली १, २, ३ असे करत ९ आणि शेवटी ० हे एककाचे अंक भरत असे. मग पुन्हा वर जाऊन प्रत्येकाच्या डावीकडे २, २, २ असा एकच अंक उतरवत येई आणि शेवटच्या घरात तेवढा ३ घाली. पान अचूक भरे, पण त्यात "एकोणतीस" हा शब्द मनात उच्चारण्याची वेळच येत नव्हती. शंभरापर्यंतचे अंक रोज लिहून घेणाऱ्या असंख्य घरांत हेच चालते, आणि वही स्वच्छ असल्याने कोणाला शंकाही येत नाही.

श्रुतलेखनात मात्र चित्र वेगळे होते. पंचवीस म्हटले की ती ५२ लिही, त्रेचाळीसला ३४ लिही. एकोणतीस म्हटले की ३९, एकोणचाळीसला ४९, एकोणसाठला ६९. वरवर पाहता या सगळ्याच चुका "अंक कच्चे आहेत" या एका शेऱ्याखाली जातात, आणि शाळेच्या शेऱ्यात तसेच म्हटले होते. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत आणि त्यांना एकच औषध चालत नाही. पहिल्या जातीत अंकांची अदलाबदल होते, कारण पंचवीस या नावात पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, तर लिहिताना दोन आधी लिहावे लागतात. दुसऱ्या जातीत अदलाबदल मुळीच नाही. मुलीला शेवटचा नऊ बरोबर आठवतो आहे. "तीस" कानावर पडल्यामुळे ती दशकाच्या घरात तीन लिहिते आहे.

हेही नोंदवायला हवे की मुलीची संख्येची समज कच्ची नव्हती. तिच्यासमोर शेंगदाण्यांची रास ठेवली तर ती "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस" असे न अडखळता मोजत जाई, आणि एकोणतीस मोठे की तीस, या प्रश्नाचे उत्तर बरोबर देई. वस्तू ठाऊक, नावही ठाऊक. नावावरून अंकाकडे जाण्याची वाट तेवढी बंद होती.

मराठीत ही वाट मुळातच अवघड आहे. एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस. नावात वजाबाकी दडलेली आहे आणि लिहिताना मात्र दोन दशक आणि नऊ सुटे असे बेरजेच्या रूपात लिहायचे आहे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशी आठ नावे आहेत. हिंदीतही उनतीस, उनतालीस हाच प्रकार आहे. कन्नडमध्ये तसे नाही: तेथे एकोणतिसाला इप्पत्तोंबत्तु म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग नऊ, लिहिण्याच्याच क्रमाने. मिरज भागातल्या दुकानात कन्नड बोलणारे गिऱ्हाईक रोजचेच असल्यामुळे वडिलांना ही नावे तोंडपाठ होती, आणि मुलीची अडचण नावात आहे हे त्यांना शिक्षणशास्त्राचे काही न वाचता लवकर उमगले, त्याचे श्रेय मी या दोन भाषांतल्या रोजच्या व्यवहाराला देतो.

या अडचणीची सार्वजनिक चर्चाही आपल्याकडे झालेली आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात "वीस एक", "वीस दोन" अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे शांतपणे सांगितली होती: जोडाक्षरांनी भरलेली नावे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडतात, आणि त्यांच्या मनात गणिताची भीती बसू नये हा हेतू आहे. त्या वेळी विनोदही पुष्कळ झाले. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या "वीस"वर विधानसभेत कोटीही झाली. त्या हशात मूळ प्रश्न, म्हणजे सात वर्षांच्या मुलाला एकोणतीस ऐकून २९ कसे लिहिता यावेत, मागे पडला याचे मला आजही वाईट वाटते. शाळांकडून असलेली अपेक्षा तर कमी झालेली नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या मुलांना वाचता-लिहिता याव्यात असे धरले आहे.

घरात आधी काय चालले होते

अभ्यास घेण्याचे काम आईकडे होते. आईला स्वतःला शाळेत गणिताची धास्ती होती आणि मुलीची तीच गत होऊ नये या काळजीने ती रोज अंक लिहून घेत असे. चूक दिसली की पान पुन्हा लिहायला लावी, आणि शेवटी दोघींचे डोळे भरून येत. तिच्या काळजीला नावे ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेत पहिली-दुसरीतल्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एरिन मॅलोनी, शान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करतात तेव्हा त्यांची मुले वर्षभरात गणितात कमी प्रगती करतात आणि त्यांची स्वतःची धास्ती वाढते. पालक मदत करतात म्हणून नव्हे, तर त्या मदतीबरोबर धास्तीही पोचते म्हणून असे होत असावे. या घरात निर्णय असा झाला की अंकांचा अभ्यास वडिलांनी दुकानात घ्यायचा आणि आईने वाचन घ्यायचे. आईची त्यातून सुटका झाली, आणि मुलीच्या डोक्यावरचे ओझे उतरले; पुढचे सगळे त्यामुळे शक्य झाले.

पहिला विनोद

वडील मुळात गमत्या स्वभावाचे. त्यांनी सुरुवातीला आपल्याजवळ होते तेच वापरले. "एकोणतीस" हा शब्द ते चित्रपटातल्या खलनायकाच्या खर्जातल्या आवाजात म्हणत, एकोणचाळीसला नाकातून बोलत, एकोणपन्नासला दरवाजातून डोकावून ओरडत. मुलगी पोट धरून हसे. "पप्पा, परत म्हणा ना," असा आग्रह करी. आणि पाटीवर ३९ लिही.

हा विनोद का फसला हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण बहुतेक पालक इथपर्यंत येऊन थांबतात आणि मूल हसले म्हणजे काम झाले असे समजतात. मुलीचे सगळे लक्ष आवाजाकडे गेले होते. तोच आवाज काढून वडिलांनी सत्तावीस म्हटले असते किंवा साबणाचे नाव घेतले असते तरी ती तेवढीच हसली असती. म्हणजे गंमत आणि एकोणतीस ही संख्या यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. या भेदाला संशोधनाचाही आधार आहे. रॉबर्ट कॅप्लन आणि ग्रेगरी पॅस्को यांनी १९७७ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, सहा आठवड्यांनंतर विद्यार्थ्यांना जास्त आठवले ते विनोदी उदाहरणांनी समजावलेल्या संकल्पनांशी जोडलेले भाग. व्याख्यानात विनोद आहे म्हणून बाकीचे सगळेच जास्त लक्षात राहिले असे झाले नाही. तो प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवरचा आहे आणि सात वर्षांच्या मुलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दुकानात जे दिसत होते ते त्याच्याशी जुळणारे होते.

अंड्यांचा ट्रे

वळण आले ते अंड्यांमुळे. दुकानात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे येतात. एका ट्रेमध्ये तीस खळगे, पाच-पाचच्या सहा ओळी. दोन ओळी म्हणजे एक दशक, आणि पूर्ण ट्रे म्हणजे तीन दशके. वडिलांनी दर दोन ओळींनंतर एक जाड दोरा आडवा टाकला, त्यामुळे तीन दहाचे गट डोळ्यांना स्पष्ट वेगळे दिसू लागले. मग त्यांनी कोपऱ्यातले एक अंडे उचलून फडताळात ठेवले.

"तीस होती. कोंबडी आली आणि म्हणाली, माझं एक अंडं चुकून आलंय, परत द्या. दिलं. आता किती?"

"एकोणतीस," मुलीने लगेच सांगितले, कारण मोजणीत ती पक्की होती.

"लिही पाटीवर."

तिने ३९ लिहिले. येथवर आईच्या अभ्यासात आणि यात काही फरक नव्हता. फरक पडला तो यापुढच्या वाक्यात. वडिलांनी चूक आहे असे म्हटले नाही. त्यांनी पाटी हातात घेतली, गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे पाहिले आणि मग ट्रेकडे पाहिले. "तीन दहा आणि वर नऊ," ते म्हणाले. "म्हणजे कोंबडीने एक अंडं नेलं, आणि जाताना बिचारी दहा ठेवून गेली! अगं, अशी कोंबडी असेल तर रोज बोलवू. एक द्यायचं, दहा घ्यायची. दुकानच नको मग आपल्याला."

मुलगी क्षणभर गोंधळली, मग मोठ्याने हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "पप्पा, असं कसं? कमी झाली ना!" तिने ट्रेकडे पाहिले. दोन गट पूर्ण भरलेले होते. तिसऱ्यात एक खळगा रिकामा होता. तिने ३ पुसून २ लिहिला. कोणी सांगितले नाही, कोणी खूण केली नाही.

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे. वडिलांनी मुलीचे उत्तर खोडले नाही. त्यांनी ते खरे धरले आणि त्याच्या टोकापर्यंत नेले. ३९ बरोबर असेल तर कोंबडीने जग उलटे केले पाहिजे, आणि ते मुलीला हास्यास्पद वाटले म्हणूनच तिने आपले उत्तर स्वतः टाकून दिले. एखादे विधान खरे मानून त्यातून अशक्य निष्कर्ष काढणे आणि मग ते विधान सोडणे, ही गणितातली अतिशय जुनी आणि प्रतिष्ठित सिद्धतेची रीत आहे. माध्यमिक वर्गात ती पुढे शिकवली जाते. येथे ती एका सात वर्षांच्या मुलीला हसू येईल अशा रूपात भेटली. विनोदाचा विषय चूक हाच होता, त्यामुळे विनोद कळणे आणि चूक कळणे या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत. तीसपेक्षा ३९ जास्त आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कोंबडीची गंमत कळणारच नाही.

आणि हसू कोणावर आले हेही पाहायला हवे. ते कोंबडीवर आले. "तुला एवढंही येत नाही का" असा सूर त्यात कोठेच नव्हता. विनोदी बोलण्यातून टोमणा मारण्याची सवय आपल्या घरांत किती खोल आहे हे आपण जाणतो, म्हणून हा भेद बारीक असला तरी मी त्याला फार महत्त्व देतो.

त्यानंतर काही दिवसांनी वडिलांनी एक गोष्ट रचली. एकोणतीस हा एक गृहस्थ आहे. त्याचे नाव तिसाच्या घराण्यातले, पण भाडे परवडत नाही म्हणून तो विसाच्या चाळीत राहतो. "नाव तिसाचं, बिऱ्हाड विसात," असे ते म्हणू लागले. त्याचे भाऊबंद एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे सगळे असेच: मोठ्या घरचे नाव लावतात आणि खालच्या चाळीत राहतात. त्यांना पोस्टाने पत्र पाठवायचे तर नावावर जाऊन चालणार नाही, बिऱ्हाड शोधावे लागेल. मुलगी ट्रेच्या कागदी पुठ्ठ्यावर चाळी काढू लागली. प्रत्येक चाळीत दहा खोल्या, शून्य ते नऊ, आणि नवव्या खोलीत हा वरच्या घरचे नाव लावणारा भाडेकरू. अंकलेखनाच्या ज्या पानांनी काही शिकवले नव्हते, तोच तक्ता या चित्रात पुन्हा उभा राहिला होता, फक्त आता प्रत्येक खोलीतल्या माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते.

चुकणारे वडील

पुढची पायरी भूमिका बदलण्याची होती. वडील आता स्वतः चुकू लागले. गिऱ्हाईक नसताना ते एखादी पुडी उचलून म्हणत, "एकोणपन्नास रुपये," आणि कागदावर ५९ लिहीत. मुलगी ओरडे, "पप्पा, तुमचं चुकलं! दहा रुपये जास्त घेतले तुम्ही!" वडील मानायचे नाहीत. "नावात पन्नास आहे ना? मग पाच नको का आधी?" तिला समजावून सांगावे लागे, "अहो, एक कमी आहे ना, मग पन्नास भरलेच नाहीत. चार दहाच भरले." हे शेवटचे वाक्य तिचे स्वतःचे आहे आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या स्पष्टीकरणाच्या तोडीचे आहे.

मोठ्याची चूक पकडण्यात मुलांना जो आनंद होतो त्यामागे केवळ गंमत नसते. रॉशेल गेलमन आणि एलिझाबेथ मेक यांनी १९८३ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर एक बाहुले ठेवून त्याला वस्तू मोजायला लावले होते. बाहुले कधी बरोबर मोजे, कधी चुके. जेवढ्या वस्तू मुलांना स्वतः नीट मोजता येत नव्हत्या, तेवढ्या संख्येतही बाहुल्याची चूक त्यांनी ओळखली. स्वतः करताना मुलाला क्रम, लिहिणे, आठवणे हे सगळे एकदम सांभाळावे लागते; दुसऱ्याचे पाहताना ते फक्त नियमाकडे लक्ष देऊ शकते. या दुकानात वडील त्या बाहुल्याच्या जागी बसले. एक अट मात्र त्यांनी न चुकता पाळली: मुलगी कारण सांगेपर्यंत ते चूक मान्य करत नसत. नुसते "चुकलं" म्हटल्यावर लगेच मान डोलावली असती तर खेळ राहिला असता आणि गणित गेले असते.

एकोणशंभर

दिवाळीत मुलीचे मामा आले होते. चाळींचा खेळ दाखवण्याच्या उत्साहात ती अंक मोठ्याने म्हणत गेली आणि शेवटी म्हणाली, "अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर." मामा खदखदून हसले आणि जमलेल्या सगळ्यांना त्यांनी ते पुन्हा सांगितले. मुलगी गप्प झाली. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस तिने पाटीला हात लावला नाही.

मामांच्या मनात वाईट काही नव्हते. पण तेच घर, तीच मुलगी, तोच विषय, आणि हसण्याचा परिणाम अगदी उलटा. कोंबडीच्या वेळी हसण्याचे कारण मुलीला कळत होते आणि ती त्यात सामील होती. येथे इतर सगळे हसत होते आणि कशाला हसतात हे तिला एकटीला कळत नव्हते. जो विनोद मुलाला कळत नाही पण मुलावर होतो, तो त्याच्या दृष्टीने विनोद राहतच नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकोणशंभर ही चूक या सबंध काळातली सर्वांत चांगली चूक होती. एकोणतीस ते एकोणनव्वद हा नियम तिने आत्मसात केला आणि तो पुढच्या ठिकाणी स्वतःहून लावला. नियम कळला आहे याचा याहून भक्कम पुरावा श्रुतलेखनाच्या कोणत्याही गुणांनी मिळाला नसता. भाषेनेच तेथे नियम मोडला आहे. नव्व्याण्णव हे नाव शंभरातून एक वजा करत नाही. ते सरळ नव्वद आणि नऊ असे सांगते. वडिलांनी तिला हेच सांगितले. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. सगळे एकोण वरच्या घरचं नाव लावतात. हा एकटा नव्व्याण्णव मानी निघाला. म्हणाला, मी नव्वदीतच राहतो, तर नव्वदीचंच नाव लावणार." मुलीने विचारले, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?" त्यांनी सांगितले की नाव चुकले, विचार चुकला नव्हता. त्या संध्याकाळी ती पुन्हा पाटी घेऊन बसली, आणि पुढे दुकानात येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना ती स्वतःच विचारू लागली की एकोणशंभर का म्हणत नाहीत. बहुतेकांना उत्तर देता येत नव्हते.

पंचवीस आणि बावन्न

अदलाबदलीच्या चुकांवर चाळीच्या गोष्टीचा काहीच उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता, कारण पंचवीस विसाच्याच घरात राहतो. त्याचे नाव फक्त उलटे ऐकू येते. येथे वडिलांनी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी वापरली. "पंचवीसची साखर" असे म्हणून मुलीने ५२ लिहिले की ते पाच नोटा आणि दोन नाणी मोजून गल्ल्यात टाकत आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात विव्हळत, "दुकानदारीणबाई, लुटलंत हो मला." रीत तीच होती: चुकीचे उत्तर खरे मानायचे आणि त्याचे परिणाम दिसू द्यायचे. प्रगती झाली, पण सावकाश. त्रेचाळीस आणि चौतीस ही जोडी वर्षअखेरीसही घाईत उलटत होती. माझ्या मते या चुकीवर विनोदापेक्षा सराव आणि "चाळीस तीन" असे दुसऱ्या पद्धतीचे वाचन जास्त उपयोगी पडते, आणि तसे मी घरच्यांना सांगितलेही.

या प्रकरणावरून किती म्हणता येईल

हे एका घरातले, एका मुलीचे प्रकरण आहे. तिची मोजणी आधीच पक्की होती. ज्या मुलाला तीसमधून एक गेल्यावर कमी होते हेच उमगलेले नाही, त्याला कोंबडीची गंमत पोचणार नाही आणि त्याच्यासोबत आधी वस्तू मोजाव्या लागतील. वडिलांजवळ संध्याकाळचा मोकळा वेळ होता, दुकान होते, ट्रे होते. आईवरून अभ्यासाचा भार उतरला याचा वाटा किती आणि विनोदाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. शाळेतही त्या काळात श्रुतलेखनाचा सराव चालूच होता.

तरीही एक गोष्ट मी ठामपणे म्हणेन. एकोण-नावांच्या चुका ट्रेच्या प्रसंगानंतर झपाट्याने कमी झाल्या, आणि आवाजांच्या नकलांच्या काळात त्या जराही कमी झाल्या नव्हत्या. मुलगी दोन्ही वेळा सारखीच हसली होती. म्हणून पालकांनी मूल किती हसले हे मोजू नये. ते हसल्यानंतर काय पुसते आणि काय लिहिते ते पाहावे.

पावणेतीन

फेब्रुवारीत वर्गात घड्याळ सुरू झाले. पावणेतीन वाजलेले घड्याळ काढा म्हटले की मुले छोटा काटा तीनच्या पुढे सरकवतात, आणि अंकात लिहायचे तर ३:४५ लिहितात. ही चूक प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहे. तिचे मूळ एकोणतिसाच्या मुळाशीच आहे. पावणेतीन म्हणजे पावाने उणे तीन. नाव तीनचे, वेळ मात्र दोनच्या तासातली.

वडिलांनी या बाबतीत काही शिकवले नव्हते. गृहपाठ करताना मुलीने आधी ३:४५ लिहिले, थोडा वेळ घड्याळाच्या चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, "पप्पा, हा पण भाडेकरूच आहे का? नाव तीनचं आणि राहतो दोनमध्ये?" वडिलांनी विचारले, "तुला काय वाटतं?" तिने ३ खोडून २:४५ लिहिले आणि खाली स्वतःच्या मनाने पावणेचार, पावणेपाच, पावणेसहा लिहून त्यांची बिऱ्हाडे भरली. पावणेएकपाशी ती थबकली, कारण एकच्या खालच्या तासात बारा असतात. ते उत्तर तिने दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शोधले.

सव्वातीन आणि साडेतीन तिला अडले नाहीत, कारण ते ज्या घरचे नाव लावतात त्याच घरात राहतात. दीड आणि अडीच मात्र कोणत्याच घरचे नाव लावत नाहीत. त्यांच्यासाठी वडिलांनी अजून गोष्ट रचलेली नाही. सध्या ते तराजूत एक किलोच्या मापाशेजारी अर्ध्या किलोचे माप तिच्याकडून ठेवून घेतात, आणि दीड किलो साखर तोलायचे काम तिचेच आहे.